रोज सकाळी अर्धा तास सायकल चालवतो, तरी दोन महिन्यांत वजन हललं नाही. काय चुकतंय?

सायकल बहुतेक बरोबरच चाललीय, घोळ नंतरच्या खाण्यात असतो. मेटच्या कोष्टकाने (स्वस्थ बसण्याच्या तुलनेत कुठल्या हालचालीला किती पट ऊर्जा लागते, त्याचा तक्ता) हिशेब करून बघा: ७० किलोचा माणूस ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालवतो तेव्हा साधारण २४० कॅलरी जातात. येताना टपरीवर एक वडापाव आणि साखर घातलेला चहा झाला, की त्या सगळ्या परत. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, त्यामुळे खाणं अजिबात न वाढवताही एक किलो उतरायला महिना लागतो. म्हणून सायकल सोडू नका, ताट बदला:

- घरी आल्यावर मटकीची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी. पोहेच हवे असतील तर एकच बशी, वर शेव नको.
- चहातली साखर बंद. दिवसात चार कप होत असतील तर फरक इथेच पडतो.
- रात्री भात एक वाटी, आमटी-भाजी जास्त.

आठवड्यातून दोन दिवस बैठका आणि जोर काढा. जागतिक आरोग्य संघटनाही स्नायूंचा व्यायाम निदान दोन दिवस सांगते. वजनाबरोबर कमरेचं मापही घेत चला, काही वेळा काटा थांबलेला असतो आणि पट्टा मात्र सैल होतो. मात्र मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, कारण व्यायामानंतर साखर एकदम खाली जाऊ शकते.