घरघंटी रात्री की दुपारी?

प्रश्न : रात्री वीज स्वस्त असते असं ऐकलं, म्हणून गेले चार महिने घरघंटी आणि वॉशिंग मशीन रात्री अकरानंतर लावते. खालच्या मजल्यावरच्या आजींची बोलणी खाते, पण बिल जागचं हललेलं नाही. असं का?
– एक गृहिणी, करंजे, सातारा

उत्तर : ताई, तुम्ही ऐकलंत ते खरं होतं, पण कारखान्यांसाठी. मी कुपवाड एमआयडीसीत वीस वर्षं वायरमन होतो. फाउंड्रीची भट्टी रात्री दहाला चालू व्हायची, कारण दहा ते सहा युनिटमागे दीड रुपया सूट असे. कामगारांच्या डब्याबरोबर तीच गोष्ट घरोघरी गेली असणार.

घरगुती ग्राहकाला महावितरणची सवलत १ जुलै २०२५ पासून आली, आणि ती दिवसाची : सकाळी ९ ते संध्याकाळी ५. सौरऊर्जेमुळे तेव्हा वीज भरपूर असते. सुरुवात युनिटमागे ८० पैशांनी झाली. मात्र मीटर टीओडी, म्हणजे स्मार्ट लागतं. जुन्या मीटरला किती जळालं एवढंच कळतं, केव्हा जळालं ते नाही. तेव्हा आधी मीटर बघा.

आता हिशेब, मी वहीत मांडलेला. आमच्या घरी पाण्याची मोटर रोज अर्धा तास, मशीनचा एक घाणा, अर्धा तास इस्त्री आणि आठवड्याला दोन तास दळण. महिन्याला चाळीसेक युनिटं होतात. सगळं दुपारी सरकवलं तर ८० पैशांनी बत्तीस रुपये वाचतात. आमच्या हिने आकडा ऐकून विचारलं, ''एवढ्यासाठी वही घातलीत?''

गिझरचा मोह धरू नका. २५ लिटरची टाकी एकदा तापायला साधारण एक युनिट जातं. दुपारी तापवलेलं पाणी पहाटेपर्यंत कोमट होतं आणि पुन्हा तापवावं लागतं.

खरा पैसा महिन्याच्या १०० युनिटांच्या पुढे आहे, कारण तिथून युनिटचा दर चढतो. तिथलं एक युनिट वाचवणं म्हणजे दहाहून जास्त युनिटं दुपारी सरकवणं. माझ्या खोलीतला जुना पंखा ७५ वॉटचा होता, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी, घेतला तो ३० वॉटचा. दहा तासांमागे अर्ध्या युनिटाला थोडं कमी वाचतं, म्हणजे महिन्याला तेरा-चौदा युनिटं. वहीपेक्षा तो कामाला आला.

घरघंटी मात्र दुपारीच लावा. आजी दुपारी झोपत असतील, तर तो प्रश्न वायरमनचा नाही.