प्रश्न वाचकांचे : शून्य गळलेले नाही

प्रश्न : कॅनडाच्या माजी पंतप्रधान किम कॅम्पबेल खासदार म्हणून एकदाच निवडून आल्या आणि त्यांच्या पक्षाला पुढे अवघ्या २ जागा मिळाल्या, असे वाचनात आले. रंकाळ्यावर रोज फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत यावरून वाद झाला. २ च्या पुढचे शून्य छपाईत गळले असावे, असे बहुतेकांचे मत पडले. खरे काय?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : शून्य गळलेले नाही. १९८८ मध्ये कॅम्पबेल व्हँकूव्हर सेंटर मतदारसंघातून प्रथमच संघीय संसदेत गेल्या, तेव्हा त्यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २९५ पैकी १६९ जागा जिंकल्या होत्या. २५ ऑक्टोबर १९९३ रोजी उरल्या दोन, आणि त्यांत स्वतः पंतप्रधानांची जागा नव्हती. आधीचे पंतप्रधान ब्रायन मुलरोनी पायउतार होताना पक्षाच्या अधिवेशनाने ज्याँ शारे यांना डावलून कॅम्पबेल यांना नेतेपदी निवडले, म्हणून २५ जून रोजी त्या पंतप्रधान झाल्या. (उरलेल्या दोन जागांपैकी एक शारे यांची!) ४ नोव्हेंबरला पद सोडेपर्यंत संसदेची बैठकच झाली नाही.

मंदी, १९९१ पासूनचा ७ टक्के जीएसटी आणि मुलरोनींवरचा राग हे सारे त्यांच्या पदरात पडले, हे खरेच. तरीही पक्षाला सुमारे १६ टक्के मते होती. केवळ क्वेबेक प्रांतात लढलेल्या ब्लॉक क्वेबेकवा पक्षाने त्याहून कमी मतांत ५४ जागा मिळवल्या. महापालिकेच्या निवडणुकीत एका गटाने प्रत्येक प्रभागात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची मते घेतली आणि दुसऱ्याने आपल्या पेठेतली गठ्ठा मते राखली, तर सभागृहात कोण बसतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

आमच्या मते मात्र त्यांचे खरे काम त्याआधीचे आहे. १९९० मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला न्यायमंत्री झाल्या. माँट्रियलमध्ये १९८९ साली १४ स्त्रियांची गोळ्या घालून हत्या झाली होती. त्यानंतर बंदूक परवान्याचे नियम त्यांच्याच कारकिर्दीत कडक झाले. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीचे पूर्वायुष्य उकरण्यास मज्जाव करणारे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द केले, तेव्हा त्यांनी १९९२ मध्ये नवा कायदा आणला आणि त्यात ‘संमती’ म्हणजे काय, याची व्याख्याच घातली. ती व्याख्या कॅनडाच्या फौजदारी संहितेत आजही आहे.