शेळीला पण भूभूच म्हणते!

प्रश्न: माझी नात पावणेदोन वर्षांची आहे. कुत्र्याला भूभू म्हणते ते ठीक, पण शेळी भूभू, गाय भूभू, परवा तर वासरू बघून पण भूभू! जावई रोज मोबाईलवर चित्रं दाखवून पाठ करून घेतात तरी तेच. तिला फरकच कळत नाही का हो?
– एक आजी, कराड

उत्तर: आजी, टेन्शन घेऊ नका, या वयात हे अगदी कॉमन आहे, साधारण अडीच वर्षांपर्यंत चालतं. आणि फरक कळत नसेलच असं काही नाही. एक करून बघा, कुत्रा, शेळी, गाय अशी चित्रं समोर ठेवा आणि "भूभू कुठंय?" विचारा. १९७७ मध्ये थॉमसन आणि चॅपमन या संशोधकांनी लहान मुलांवर असाच अभ्यास केला होता, तर बोलताना शब्द वाट्टेल तिथे वापरणाऱ्या मुलांनी सुद्धा बऱ्याचदा बोट बरोबर चित्रावरच ठेवलं, सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी. म्हणजे डोक्यात वेगळं असतं पण शेळीसाठी शब्दच जवळ नसतो किंवा ऐनवेळी आठवत नाही, मग पोरगी आहे त्यात भागवते.

जावयांना सांगा की लॅब्राडोर, पामेरियन वगैरे कुत्र्यांच्या जाती आत्ताच नको. मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं की मुलं आधी मधल्या पातळीवरची नावं उचलतात, म्हणजे 'कुत्रा'. 'प्राणी' हे फार मोठं होतं आणि जात फार बारीक.

बाकी दिसण्यावरून ठरवणं बरीच वर्षं चालतं बरं का. फ्रँक काईल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली, डॉक्टरांनी एका रकूनला (अमेरिकेतला मांजराएवढा करडा प्राणी) रंगवलं, पाठीवर पांढरा पट्टा काढला, आत घाण वासाची पिशवी बसवली, आता तो हुबेहूब स्कंक (पांढऱ्या पट्ट्यांचा, घाण वास सोडणारा काळा प्राणी) दिसतो, मग तो कोण? बालवाडीच्या वयाची बरीच मुलं म्हणाली स्कंक, नऊ-दहा वर्षांची म्हणाली छे, रकूनच! आतलं काहीतरी बदललेलं नाही हे त्यांना कळायला लागलेलं असतं. तुमची नात अजून कुठे पावणेदोनची!

नुसतं "नाही, चूक" म्हणू नका, त्यातून तिला काहीच मिळत नाही. "ही शेळी, बघ हिला शिंगं आहेत, बें बें करते" असं म्हणा, आणि शक्यतो खऱ्या शेळीसमोर.

हां, शब्दच फार कमी असतील किंवा हाक मारल्यावर बघत नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा, तो विषय वेगळा.