टक्क्याआधी छेद बघ

यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर, ९८ टक्के बाळांना लस दिलेली दिसली म्हणून लगेच खूश होऊ नकोस. आधी छेदात, म्हणजे ज्या एकूण बाळांतून टक्का काढलाय त्यांत, कोण आहे ते बघ. ज्या बाळाची नोंदच नाही ते छेदातही नसतं, मग टक्का फुगणारच. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं हमखास अशीच निसटतात. उलट माहेरी बाळंत झालेल्या लेकीचं बाळ कधी दोन्हीकडे चढतं. आशाताईंची वही शेजारी ठेवूनच बस, पोर्टलपेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा.

वयोगट १२ ते २३ महिने धर. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतरचा, सहा महिन्यांचं बाळ त्यात 'राहिलेलं' कसं?

तारीख टोचल्याची की नोंदवल्याची, तेही विचार. एका यादीत मला सगळी बाळं एकाच रविवारी टोचलेली दिसली होती!