येऊरच्या डोंगरात उंचीप्रमाणे पक्षी बदलतात का? कॉलेज प्रोजेक्टला हा विषय चालेल का?

उंचीचा परिणाम शोधायला येऊर तोकडं पडेल. येऊर ज्यात येतं त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला सर्वात उंच माथाही पाचशे मीटरच्या आत आहे. हजार मीटरमागे साधारण ६.५ अंश तापमान उतरतं, म्हणजे इथे जेमतेम तीन अंश. त्यापेक्षा झाडीप्रमाणे पक्षी कसे बदलतात ते बघा: पायथ्याची वस्ती, पानगळीचं जंगल, ओढ्याकाठचं दाट रान. विषय खरंच सुंदर आहे.

ठरलेल्या जागी उजाडताच दहा मिनिटं उभं राहून दिसलेला-ऐकलेला प्रत्येक पक्षी अंदाजे अंतरासह लिहा. अंतर अजिबात सोडू नका. दाट झाडीत लांबचे पक्षी निसटतात आणि तिथे पक्षीच कमी असल्याचा भास होतो. जागांचा क्रमही दरवेळी बदला.

नेमकी ठिकाणं नोंदवून ठेवा. पेरूतल्या पांतियाकोया डोंगरावर १९८५ची पाहणी २०१७मध्ये पुन्हा केली, तेव्हाच पक्षी वर सरकल्याचं आणि माथ्यावरचे काही नाहीसे झाल्याचं कळलं.