संधिवात, आनुवंशिकता आणि हाड मोडण्याचा धोका

प्रश्न : माझे वय ५४ असून गेली अनेक वर्षे मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सांधे फार सुजले की डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. माझ्या आईच्या खुब्याचे हाड सत्तरीत साध्या पडण्याने मोडले होते. हाडे मोडण्याचा धोका जनुकांवरून कळतो, असे वाचनात आले. मी जनुकीय चाचणी करून घ्यावी का? माझ्या मुलीलाही हा धोका आहे का?

उत्तर : चाचणीचा विचार आपण तूर्त बाजूला ठेवावा, असे मला वाटते, कारण आपल्या उपचारांना खरोखर उपयोगी पडणारी आनुवंशिक माहिती आपल्या पत्रातच आहे, आणि ती म्हणजे आईचा मोडलेला खुबा. पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधणारी फ्रॅक्स ही पद्धत शेफील्ड विद्यापीठात तयार झाली आणि २००८पासून जगभर वापरली जाते. तीत आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, हे आवर्जून विचारले जाते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि स्टेरॉइडचा वापर यांचीही तीत वेगवेगळी नोंद होते.

जनुकांचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. हाडांची घनता माणसागणिक बदलते आणि त्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग आनुवंशिक असतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसले आहे. मात्र हा वाटा शेकडो जनुकीय बदलांत विखुरलेला असून त्यांतील बहुतेकांचा परिणाम अत्यल्प असतो. एलआरपी५ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्यास लहानपणापासूनच हाडे मोडू लागतात. परंतु असे आजार दुर्मीळ आहेत. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अस्थिभंगाशी निगडित १५ जनुकीय स्थाने आढळली आणि ती सर्वच्या सर्व हाडांच्या घनतेशीही निगडित निघाली. म्हणजे जनुके जे सुचवतील, त्याचा बराचसा भाग डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत थेट मोजता येतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताकडे कल असणारी जनुके स्वतःच हाड मोडण्याचा धोका वाढवतात, असा पुरावाही त्या अभ्यासात मिळाला नाही.

मग या आजारात हाडे का मोडतात? मुख्य कारण दाह हे आहे. सांध्यांतील दाहामुळे टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखी द्रव्ये वाढतात, त्यांच्यामुळे रँकएल हे प्रथिन वाढते आणि हाड झिजवणाऱ्या पेशी अधिक संख्येने तयार होऊन अधिक जोमाने काम करतात. ज्या रुग्णांच्या रक्तात अँटी-सीसीपी प्रतिपिंडे (शरीराच्याच प्रथिनांविरुद्ध तयार होणारी द्रव्ये) असतात, त्यांच्यात ही झीज सांधे दुखू लागण्यापूर्वीही सुरू झालेली असू शकते. एचएलए-डीआरबी१ या जनुकाच्या काही रूपांचा संबंध याच प्रतिपिंडांशी आहे आणि धूम्रपानाने ती तयार होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दाहात भर पडते ती स्टेरॉइडची. त्यामुळे हाड मोडण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच वाढू लागतो, विशेषतः मणक्यांचा. गुडघे आणि पावले दुखत असल्याने तोल जाऊन पडण्याची भीती असते, ती वेगळीच.

म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलताना प्रेडनिसोलोनची मात्रा आणि आतापर्यंतचा कालावधी नेमका सांगावा. फ्रॅक्समध्ये स्टेरॉइडची नोंद केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच होते. रोजची मात्रा साडेसात मिलिग्रॅमहून अधिक असेल, तर खरा धोका त्या आकड्याहून जास्त धरावा लागतो. संधिवाताची तीव्रताही त्या गणितात येत नाही. डेक्सा तपासणी अद्याप झाली नसल्यास ती करून घ्यावी. उंची कमी झाली असेल, तर मणक्यांचा एक्स-रेही काढावा, कारण मणक्याचा अस्थिभंग अनेकदा वेदनेविना होतो. मात्र हे वाचून स्टेरॉइड मनाने अचानक बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तसे करणे जिवावर बेतू शकते. दाह इतर औषधांनी आटोक्यात आणून डॉक्टरांनीच ते हळूहळू कमी करावे.

आपल्या मुलीबद्दल आपल्याला वाटणारी काळजी मी समजू शकतो. परंतु एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा संधिवात झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे पंधराच आहे. मायलेकींत तर जनुके निम्मीच सामाईक असतात. तिने धूम्रपानापासून दूर राहावे, नियमित व्यायाम करावा आणि सकाळी सांधे बराच वेळ आखडलेले राहू लागले तर विलंब न लावता तपासून घ्यावे. फ्रॅक्सचे गणित चाळिशीनंतरच लागू होते. तोवर तिला कोणत्याही जनुकीय चाचणीची गरज मला दिसत नाही.