सहा पल्स रेक्टिफायरवर कपॅसिटर सारखे फुगतात, अजून कपॅसिटर लावले तर पॉवर फॅक्टर सुधारेल का?

नाही, आणि प्लीज लावूच नका. (पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या केव्हीएपैकी खरी कामाला येणारी वीज किती, ते प्रमाण.) तुम्ही लिहिलंय की लोट्याला इलेक्ट्रोलिसिससाठी थायरिस्टरचा (चालू व्हायची वेळ ठरवता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) सहा पल्स रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा, आहे, ट्रान्सफॉर्मर 1000 केव्हीए, कपॅसिटर 400 केव्हीएआर (कपॅसिटर देतो त्या रिअॅक्टिव्ह पॉवरचं माप), आणि पॅनलवाला म्हणतोय अजून 400 टाका. मी चिपळूणचा, पॅनलचीच कामं करतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं चाललंय हे.

सहा पल्सवाला पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा असे हार्मोनिक करंट (50 हर्ट्झच्या पाचपट, सातपट वगैरे फ्रिक्वेन्सीचे) लाइनमध्ये सोडतो, त्यातला पाचवा सगळ्यात मोठा, मेन करंटच्या साधारण 20 टक्के. आता ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटवर इम्पीडन्स (त्याचा आतला अडथळा) बघा, 5 टक्के धरला तर शॉर्ट सर्किट लेव्हल 1 एमव्हीए भागिले 0.05, म्हणजे 20 एमव्हीए, त्याला कपॅसिटरच्या 0.4 एमव्हीएआरने भागलं की 50, त्याचं वर्गमूळ सातच्या जवळ, म्हणजे आत्ताच तुमचा रेझोनन्स (ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला करंट वाढवतात ती) सातव्या हार्मोनिकवर बसलाय आणि कपॅसिटर त्यामुळेच फुगतायत. 800 केलेत तर 20 भागिले 0.8, म्हणजे 25, वर्गमूळ बरोब्बर 5! सगळ्यात मोठ्या हार्मोनिकवरच जाऊन आदळाल, आणि त्याच फीडरवरच्या शेजारच्या कंपन्यांचा व्होल्टेजही बिघडवाल.

आधी फायरिंग अँगल बघा, म्हणजे थायरिस्टर किती उशिरा चालू होतो ते. रेक्टिफायर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (आउटपुट व्होल्टेजची सेटिंग) वर ठेवून थायरिस्टरने व्होल्टेज दाबत चालवत असाल तर पॉवर फॅक्टर तिथेच पडतो. टॅप खाली घ्या, केव्हीएआरची गरजच कमी होईल, खर्च जवळपास शून्य.

मग पॉवर अ‍ॅनालायझर भाड्याने आणून फुल लोडला आणि कमी लोडला, दोन्ही वेळा रीडिंग घ्या. त्यावरून कपॅसिटरच्या सिरीजमध्ये 7 टक्के डीट्यून्ड (रेझोनन्स बाजूला हलवणारी कॉइल) रिअ‍ॅक्टर लावा, तो रेझोनन्स 189 हर्ट्झला, पाचव्याच्या म्हणजे 250 च्या खाली नेतो. पण रिअ‍ॅक्टरमुळे कपॅसिटरवरचा व्होल्टेज वाढतो, त्यामुळे जुने 440 व्होल्टवाले चालणार नाहीत, 525 चे घ्या. रिअ‍ॅक्टर तापतात, ते कपॅसिटरच्या खाली बसवू देऊ नका, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पॅनलच्या फॅनची जाळी तुंबली की कपॅसिटर लवकर जातात, ती साफ ठेवा.

पुढे प्लांट वाढवणार असाल तर बारा पल्सच घ्या, ट्रान्सफॉर्मरची एक सेकंडरी वाइंडिंग स्टार, दुसरी डेल्टा, 30 अंशांच्या फरकाने पाचवा-सातवा आपसात कटतात, फक्त दोन्ही ब्रिजवर (सहा-सहा पल्सच्या दोन रेक्टिफायरवर) लोड सारखा हवा.

कोटेशन आलं की रिअ‍ॅक्टर किती टक्के आणि कपॅसिटर किती व्होल्टचे, हे आधी वाचा, किंमत नंतर.